धुरामागे धावणारे आबा

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत कुठे धूर दिसला, की पाच मिनिटांत आबा हजर. हातात पाण्याची बादली. पाचोळा असो, कचरा असो. आबा आधी पाणी ओततात आणि मग रामराम करतात.

आमची ओळख अशीच झाली. नव्या घरातली पहिली सकाळ. मी अंगणात बंब पेटवला आणि एका अनोळखी म्हाताऱ्याने तो विझवला. मी थंड पाण्याने आंघोळ उरकली, तोवर ते आमच्या ओट्यावर चहा पीत बसले होते.

"हाऊ धूर कोठे जास, माहीत शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"वर."

"नही. मन्ही पोरकडे जास."

त्यांची पोर, सुनंदा, उत्तर ध्रुवाजवळच्या एका संशोधन केंद्रात आहे. दूरदेशीची काजळी वाऱ्याबरोबर तिथल्या बर्फावर येऊन बसते, बर्फ काळवंडतो, लवकर वितळतो. ती काजळी गाळून घ्यायची आणि वारा कुठून कुठून आला हे उलटं तपासत तिचं मूळ गाव शोधायचं, हे सुनंदाचं काम. आई गेल्यानंतर वर्षभरात ती तिकडे गेली. तेव्हापासून आबा आमच्या चुलीवर, स्कूटरवर नजर ठेवून. समोरच्या शेठजींच्या उदबत्तीकडेही ते संशयाने बघतात. "पोरचं काम वाढस," म्हणतात.

परवा त्यांना व्हिडिओ कॉल जोडून द्यायला गेलो होतो. सुनंदा खुशीत होती.

"आबा, या वेळची काजळी तपासली. बहुतेक इकडच्याच, उत्तरेकडच्या जंगलांतल्या वणव्यांची निघाली. आपल्याकडची जवळजवळ नाहीच!"

मी टाळीसाठी हात पुढे केला. आबांचा चेहरा उतरला होता.

"काहीच नही उनं? इथून काहीच?"

"अहो आबा, चांगलंच आहे की!"

"चांगलंच शे." त्यांनी चष्मा काढून उगीच पुसला. "मले वाटे, तू इतली दूर, एकटी. इथलं काहीतरी तुझ्यापर्यंत पोचत असेल."

सुनंदा स्क्रीनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "आबा, फोन अंगणात न्या ना. मला सगळं बघायचंय."

आबा उठले. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तसा फोन दोन्ही हातांत धरून सावकाश बाहेर गेले. मी आतच बसून राहिलो.

"हाई देख," त्यांचा आवाज येत होता, "गुलमोहरले कळ्या उन्यात..."

"अजून जवळ न्या, आबा," तिकडून सुनंदा म्हणाली. ती बघत होती.