गप्पी माशांचा खुराक

"अगं, मी माणसांचे दात उपटतो! मला चार मासे सांभाळता येणार नाहीत?" दातांच्या डॉक्टरांनी छाती पुढे काढून बायकोला सांगितलं. ती माशांवर संशोधन करायची. आजारी बहिणीकडे जाणं भाग होतं, आणि घरातल्या टाक्यांत तिचा वर्षभराचा प्रयोग पोहत होता.

"डाव्या टाकीतल्या नरांना साधं खाणं, उजव्या टाकीतल्यांना गाजराच्या रंगाचं. अदलाबदल नको हं!"

"नको म्हणजे नकोच!"

आणि डॉक्टर खरंच शहाण्यासारखे वागले. निदान सुरुवातीला! रंगीत खाण्यावर वाढलेले उजवीकडचे गप्पी मासे निखाऱ्यासारखे केशरी दिसायचे. काचेपलीकडच्या माद्या त्यांच्याकडेच धावायच्या. डावीकडचा एक फिक्कट नर बिचारा शेपूट तुटेस्तोवर नाचला, पण एकीनं ढुंकून पाहिलं नाही! डॉक्टरांना भरून आलं. "घे बाबा, तूही नटून घे!" म्हणत त्यांनी डाव्या टाकीत रंगीत खाण्याची चिमूट सोडली. मग रोजच सोडायला लागले.

पुढे त्याच नराच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. झालं! डॉक्टरांना घाम फुटला. साथ पसरू नये म्हणून टाक्या धुवायला काढल्या, आणि आजारी, धडधाकट, सगळे नर ओतले एकाच बादलीत! टाक्या लख्ख झाल्या. बादलीत डोकावले, तर सगळेच केशरी! डावा कोण नि उजवा कोण, काही कळेना!

नेमकी तेव्हाच बायको दारात.

"अहो, हे काय?"

डॉक्टरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि डोळे मिटून घेतले. पण आरडाओरडा झालाच नाही. ती बादलीवर वाकली होती. "हा पोटावर टिकली असलेला डावीकडचा. हा पाठीवर काळी रेघ असलेला उजवीकडचा..." पोटची पोरं ओळखावीत तशी तिनं एकेकाला ओळखून वेगळं केलं, आजाऱ्यांना औषधाच्या पाण्यात ठेवलं. मग मात्र खाली बसली. "डावीकडच्यांनीही रंगीत खाल्लं, म्हणजे प्रयोग गेला. आता पुन्हा पहिल्यापासून."

"नुसत्या रंगासाठी एवढं?" डॉक्टरांनी चाचरत विचारलं.

"नुसता रंग नाही हो! तो खाण्यातून येतो आणि आजाराशी झुंजायलाही मदत करतो, असं मला वाटतं. मादी रंग बघते, म्हणजे तब्येतच बघते."

डॉक्टर बघतच राहिले. वर्ष पाण्यात गेलं, तरी बाई पुन्हा कमरेला पदर खोचून उभी! असली बायको आपल्याला मिळाली कशी?

दुसऱ्या दिवशी ते केशरी शर्ट घालून, भांग पाडून तिच्यासमोर उभे राहिले. "कसा दिसतोय?"

"जरा बाजूला व्हा," ती टाकीवरून नजर न काढता म्हणाली, "उजेड अडतोय."