दहा वेळा लहान्या

संगणकाने लहान्याच्या नावाखाली लाल रेघ ओढली, तेव्हा बुधाबाबांनी आधी चष्मा पुसला. मग बाहीने पडदा पुसला. रेघ तशीच.

"हर्षदाताई, यानं मना चूक दिली."

जव्हारला संगणकाचा क्लास चालवणारी हर्षदा बहिणीच्या साखरपुड्याला निघायच्या घाईत होती. बुधाबाबांची कादंबरी तिनेच महिनाभर बसून वहीतून टाइप केली होती. कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर तिला कुठूनसं सीडीवर मिळालं होतं. त्यात प्रकरणांचे वेगवेगळे कप्पे होते, आणि शुद्धलेखन तपासायची एक साधीशी सोय होती.

"लाल रेघ आली की तो शब्द त्याला ठाऊक नाही. एकदा बघून घ्या," तिने क्लासची किल्ली त्यांच्या हातात दिली. "आणि दर पानाला सेव्ह करा बाबा, लाइट जाते. परवा दुपारी मी येते. चारच्या ठाण्याच्या गाडीने पाकीट धाडू."

नवसाक्षरांच्या कादंबरी-स्पर्धेची शेवटची तारीख परवाचीच होती. पहिली येणारी कादंबरी छापणार होते. लहान्या हा बुधाबाबांचा थोरला मुलगा. वीटभट्टीवर कामाला गेला आणि तिकडेच तापाने वारला. कादंबरी त्याच्यावरच होती. पोशेऱ्याहून निघताना गौराबाईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, "पोराचा नाव छापून येवं. बाकी तुमी काय पन लिवा."

बुधाबाबा पंचावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकले. तिथल्या गुरुजींची रीत होती. लाल रेघ आली की तो शब्द तिथल्या तिथे, त्याच वहीत, दहा वेळा लिहायचा. बुधाबाबांनी ती रीत कधी मोडली नव्हती. एका बोटाने अक्षरं हुडकत त्यांनी लहान्याच्या पुढे दहा वेळा लहान्या लिहिलं. दहाही नावांखाली लाल रेघा उमटल्या.

"गुरुजी तरी दहाव्या खेपेला ऐकायचे," ते मशीनला म्हणाले.

पुढे बघतात तो नागली लाल, वरई लाल, इरलं लाल, तारपा लाल. दाभोशाचा धबधबा लाल, अख्खं पोशेरा गाव लाल. गौराबाईंच्या खालीही रेघ. भट्टीचा शेठ तेवढा बिनचूक निघाला.

बुधाबाबा हटले नाहीत. हे मशीनही आपल्यासारखंच उशिरा शाळेत बसलेलं दिसतंय, गिरवून घेतलं की शिकेल, असा त्यांनी हिशेब बांधला. दोन दिवस ते बाकावरून हलले ते लाइट गेली तेव्हाच. नागली दहा वेळा, वरई दहा वेळा. लहान्या तर पानापानावर होता. दर पानाला त्यांनी इमानाने सेव्ह केलं. ऐंशी पानांची कादंबरी शंभराच्या वर गेली, आणि एक रेघ होती तिथे अकरा झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सुजलं.

हर्षदा आली तेव्हा अडीच वाजून गेले होते.

"बाबा, हे काय केलंत?"

"गिरवून घेतला. पन तुझा मशीन लय ढ हाय."

हर्षदाने कुठेतरी दोनचार बटणं दाबली. सगळ्या लाल रेघा एकदम नाहीशा झाल्या. बुधाबाबा आपल्या सुजलेल्या बोटाकडे बघत राहिले.

"येवढाच करायचा होता?"

"एवढंच."

"मंग सांगायचा होता."

"तुम्ही गिरवत बसाल हे मला काय माहीत? बरं, आधीची प्रत असेल ना?"

"तूच सांगलास, दर पानाला सेव्ह करा."

"वेगळ्या नावाने केलंत?"

"वेगळा नाव कशाला? कादंबरी तीच हाय."

हर्षदाने कपाळाला हात लावला. वही पाठवावी, तर स्पर्धेला टाइप केलेलंच चालणार होतं. नको ते शब्द खोडत बसावं, तर शंभर पानं छापायलाच प्रिंटरला तास लागणार होता. अखेर जशी होती तशीच कादंबरी छापली, आणि गाडी सुटता सुटता पाकीट चढवलं. बुधाबाबा स्टँडवर बसून राहिले. पोराला आपण दुसऱ्यांदा परक्या गाडीत बसवून दिलं, असं त्यांना झालं.

दोन महिन्यांनी जाड लिफाफा आला. कादंबरी म्हणून हे लेखन स्पर्धेत बसत नाही, असं पत्रात होतं. मात्र आपल्या भागातल्या शब्दांचा इतका चिकाटीचा सराव आजवर कोणी करून घेतलेला नाही. तेव्हा मधला गोष्टीचा मजकूर वगळून साक्षरता वर्गांसाठी गिरवायची पुस्तिका काढली आहे, प्रत सोबत जोडली आहे.

बुधाबाबांनी ती कणगीमागे लपवली. गौराबाईंना ती तिसऱ्या दिवशी सापडली.

"छापून आली ना? मंग लपवतंव कशाला?"

"गोष्ट नाय त्यात. गोष्ट काढून टाकली त्यांनी."

"पोराचा नाव हाय का नाय?"

बुधाबाबांनी पान काढलं आणि गौराबाईंचं बोट पहिल्या लहान्यावर ठेवलं. गौराबाईंना वाचता येत नव्हतं, पण पुढचा आकार तसाच आहे हे त्यांना कळलं. त्या बोट सरकवत गेल्या. दहा मोजले.

"इतक्या येळा कशाला लिवला?"

"मशीन ओळखत नव्हता त्याला."

गौराबाईंनी पुस्तिका मिटून पदराखाली घेतली.

"दहादा कवा लागला नाय," त्या म्हणाल्या. "एका हाकेत येयाचा."