छापील वेग

काल्हेरच्या हरिनाम सप्ताह मंडळाचे चिटणीस केसरीनाथ यांना सप्ताहाच्या तोंडावर असं आढळून आलं, की मंडळाच्या संगणकातली मेमरी तिच्यावर छापलेल्या वेगापेक्षा हळू चालते आहे. केसरीनाथांची हयात गोदामांत गेलेली. भाताच्या खाचरांवर गाळे उभे राहिले, गाळ्यांत खोकी आली आणि त्यांच्या मनात एक सिद्धान्त पक्का बसला: खोक्यावर छापलंय तेच खोक्यात असलं पाहिजे, नसेल तर माल परत. माणसांना त्यांनी हा नियम कधी लावला नाही. लावला असता, तर पहिल्याच फेरीत स्वतःच परत जावं लागलं असतं.

संगणकाला काम एकच, कीर्तन घरोघरी थेट दाखवायचं. यंदा ते घरचंच कर्तव्य होतं. त्यांची थोरली बहीण राहीबाई, पडघ्याला दिलेली, अंगणात घसरून पडली होती. डाव्या पायाला प्लास्टर. जन्मात तिचं काल्याचं कीर्तन चुकलं नव्हतं. "मना येवढा काला दाखव रं," ती फोनवर म्हणाली होती, "बाकी काय बी नको."

तसा संगणक बिनतक्रार चालत होता. पण बिनतक्रार चालणाऱ्या गोष्टीत लक्ष घालणं, यालाच चिटणीसपद म्हणतात.

धामणकर नाक्यावरच्या एजाजने तो बांधून दिला होता. केसरीनाथांनी त्याच्या दुकानात जाऊन जाब विचारला.

"शेठ, मेमरी चालू झाली की आधी जपूनच चालते," एजाज म्हणाला. "पट्टीवर छापलेला स्पीड पाहिजे तर आत जाऊन प्रोफाइल चालू करायची. पण तिला सांभाळणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात बसलेला असतो. ती पळाली की त्याला पण पळायला लागतं. व्होल्टेज वाढतं, गरमी वाढते. कधी झेपतं, कधी नाही झेपत. आणि त्याच्यात प्रोसेसर गेला तर कंपनी हात वर करते. तुमचं मस्त चाललंय, कायको हात लगाते?"

"म्हणजे दृष्टांत असा," केसरीनाथ म्हणाले. दृष्टांत सापडल्याशिवाय त्यांना काही कळत नसे आणि सापडल्यावर काही ऐकू येत नसे. "मेमरी म्हणजे टाळकरी, प्रोसेसर म्हणजे बुवा. टाळकऱ्यांनी लय वाढवली की बुवांना वाढवावीच लागते."

"बराबर. आणि बुवा म्हातारे असले तर?"

"तर त्यांना उत्साह येतो."

एजाजने प्रोफाइल कुठे असते ते दाखवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मंडळाची तातडीची सभा भरली. 'मंडळाच्या मेमरीस छापील वेगाने चालण्याचा हक्क असून तो तिला विनाविलंब बहाल करण्यात यावा' असा ठराव झाला. मृणालीने सूचना मांडली, की आधी प्रोसेसर किती वेग पेलतो ते तपासावं. मृणाली ही केसरीनाथांची सून. तिची नोकरी संगणकाचीच असल्यामुळे या विषयात तिला पूर्वग्रह असण्याचा संभव नोंदवून सूचना फेटाळण्यात आली.

सप्ताह बसला, प्रोफाइल चालू झाली. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा झळकू लागला आणि केसरीनाथ त्याच्यासमोर हात जोडून उभे राहू लागले. कीर्तनात फरक मात्र काहीच दिसेना. कीर्तनकार बाळारामबुवा पूर्वीइतक्याच वेगाने हात हलवत होते. सभेने याची गंभीर दखल घेतली. मेमरी जिवाच्या आकांताने धावतेय आणि बुवा ठाय लयीत, हा उघडउघड मेमरीचा अवमान होता. टाळकऱ्यांना परिपत्रक गेलं: 'सर्वांनी आपापली प्रोफाइल चालू करावी.' टाळकरी तरुण होते. त्यांना अर्थ कळला नाही, पण परवानगी कळली.

मग संगणक ऐन अभंगात बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. एकदा विठ्ठलनामाच्या गजरात 'वि' दिसला, उरलेला गजर अंधारात गेला.

"पप्पा, प्रोफाइल काढा," मृणाली म्हणाली. "प्रोसेसरला झेपत नाहीये."

"छापलेलं खाली उतरवायचं? लोक काय बोलतील?"

"लोकांना तो आकडा दिसतच नाही."

"मना दिसतो ना."

सभेने सखोल चौकशी करून निदान केलं: प्रोसेसर नाराज आहे. ठराव झाला तो मेमरीच्या नावाचा. राबतोय तो, आणि पत्रिकेत त्याचा साधा उल्लेख नाही. नाराज माणसावर आपल्याकडे एकच औषध आहे, सत्कार. काल्याच्या सकाळी प्रोसेसरला शाल-श्रीफळ देण्यात आलं. सत्कारमूर्ती आत असल्यामुळे शाल अख्ख्या कॅबिनेटला घट्ट गुंडाळली, वारा येण्याच्या जाळ्यांसकट. नारळ वर ठेवला. शाल लोकरीची होती. मंडळ सत्काराला हलका माल वापरत नसे.

बाळारामबुवा काल्याला उभे राहिले. टाळकरी छापील वेगाने सुटले. पहिल्या चरणाला बुवा धावले, दुसऱ्याला धापले, तिसऱ्याला शब्दच विसरले आणि छातीवर हात ठेवून थांबले. त्याच क्षणी पडदा निळा झाला. शालीतून करपल्याचा वास येऊ लागला. आपला दृष्टांत इतका तंतोतंत लागू पडला, याचा केसरीनाथांना क्षणभर अभिमानही वाटला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"काय झालं रं? बुवा दिसत न्हाय."

"ताई, मेमरीनं प्रोसेसरला…"

"आग लाव तुज्या मेमरीला. ह्योच फोन बुवांच्या पायाशी ठेव. बघितलंय मी बुवांना लई. मना आयकायचं हाय."

फोन पायाशी गेला. बुवा घोटभर पाणी प्यायले आणि टाळकऱ्यांना म्हणाले, "माऊली, मी पुढं चालतो, तुम्ही मागून या. घाई असंल त्यानं रिक्षा करावी." मंडप हसला, लय उतरली आणि काला रंगला. पडघ्याला एक म्हातारी प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून डोळे मिटून ऐकत राहिली.

केसरीनाथ त्या वेळी कोपऱ्यात, शाल सोडून पुठ्ठ्याने संगणकाला वारा घालत होते.

दुपारी ताईचा फोन आला. आवाज ओला होता.

"क्येसरी, बुवा शेवटाला काय बोलले रं! मना रडूच आलं. तुला काय वाटलं?"

"लई चांगलं बोलले."

"त्ये झालंच. काय बोलले म्हनून तुला रडू आलं, त्ये सांग."

केसरीनाथांनी आठवून पाहिलं. पोरवयापासून कीर्तनाला बसणारा माणूस, त्याचा सबंध सप्ताह मंडपात गेला होता. डोळ्यांसमोर फक्त कोपऱ्यातला आकडा आला. तो मात्र अगदी लख्ख आठवत होता.

"रेकॉर्डिंग बघून सांगतो ताई," ते म्हणाले, आणि मग रेकॉर्डिंगही संगणकासोबतच बंद पडलं होतं हे त्यांना आठवलं.

पलीकडे ताईने फोन ठेवला. तिला हसू आलं असावं.

तुम्हालाही आलं असेल. हसायला हरकत नाही. चिटणीस स्वतःही आता हसतात. फक्त त्याआधी एवढंच सांगा, राहीबाईच्या कोणत्या पायाला प्लास्टर होतं?

वर बघू नका. तुम्ही आत्ताच वाचलंय ना.