कारेनबाईंची दिवाळी

आमच्या गल्लीत गेलेली लाइट आली की सगळे "आली, आली" म्हणून ओरडतात आणि आपापल्या कामाला लागतात. कारेनबाई मात्र गच्चीवर जाऊन कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीकडे तोंड करतात, हात जोडतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "लई आभारी हाय!"

डीपीचंच कशाला, त्या कुणाचेही आभार मानतात. टँकरवाल्याचे, एसटीच्या कंडक्टरचे, रस्ता सोडणाऱ्या म्हशीचे. आपल्याकडे आभार मानतात ते सभेच्या शेवटी, सतरंज्या गुंडाळायची वेळ झाली की. त्यामुळे सुरुवातीला बाई आभारी झाल्या की समोरचा माणूस कार्यक्रम संपला असं समजून उठायचा. माझी बायको सुमन तर रागावलीच. डब्यात एक पोळी जास्त घातली तरी आभार! "आमी काय परके हाव का?" असं तिनं एकदा त्यांना दारातच सुनावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सांगितलं ते बरं केलं, ताई. लई आभारी हाय."

बाई मूळच्या डेन्मार्कच्या. लातूरच्या भूकंपात ज्यांचे हातपाय ढिगाऱ्याखाली सापडले, त्यांना पुन्हा चालायला शिकवण्यासाठी आल्या होत्या. आल्या होत्या तीन महिन्यांपुरत्या. पत्र्याच्या शेडमधल्या बायांकडून मराठी शिकल्या, म्हणून त्यांची भाषा आमच्याहून गावरान. पुढे गावं नव्या जागी वसली, बरोबरचे गोरे लोक परत गेले, आणि बाई लातुरात आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या त्या राहिल्याच.

मग लातुरात क्लासचं पीक आलं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरावर मजला चढला आणि प्रत्येक खोलीत डॉक्टर व्हायला निघालेली पोरं भरली. सुमननं खानावळ काढली. बाईंनाही नवं काम मिळालं. सकाळी पाठीवर दप्तराचं ओझं घेऊन वाकलेली पोरं निघाली की त्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "ए लेकरा, मान वर! डाक्टर व्हायचंय का कासव?" एका पालकानं तर हा कुठला नवा क्लास म्हणून माझ्याकडे चौकशीही केली.

अशा या बाई एका डिसेंबरात अचानक गप्प झाल्या. लाइट आली तरी गच्चीवर जाईनात. सुमननं खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझा मिकेल येतोय. नाताळला."

बाई इकडे आल्या तेव्हा हा मुलगा कॉलेजात होता. वडील आधीच वारलेले. तीन महिन्यांचं वर्ष झालं तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं होतं, तुला तिथली माणसं जवळची वाटतात, तर तिथंच राहा. मधल्या काळात बाई काही वेळा तिकडे जाऊन आल्या. तो विमानतळावर घ्यायला यायचा, सोडायला यायचा, आणि मधल्या दिवसांत हवापाण्याचं बोलायचा.

"ह्या बारीला तो आपल्या पायानं यायलाय," बाई सुमनला म्हणाल्या. "आता न्हाई जमलं, तर मग कधीच जमायचं न्हाई."

मिकेलराव आले. दाराच्या चौकटीत मावत नव्हते, पण माणूस मोठा अदबीचा. मायलेकांनी भेटल्यावर हात मिळवले. मग जे आभारप्रदर्शन सुरू झालं! चहा दिला, आभार. कप उचलला, आभार. खुर्ची पुढे केली, आभार. एवढ्या वर्षांनी आई आणि मुलगा भेटलेत असं वाटेना, दोन संस्थांचे अध्यक्ष भेटलेत असंच वाटे. सुमन त्या दिवशी का रागावली होती, ते मला तेव्हा कळलं.

बाईंची सगळी भिस्त खिरीवर होती. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी तांदळाची गार खीर करतात आणि तिच्यात एकच अख्खा बदाम लपवतात. ज्याच्या वाटीत तो निघेल त्याला बक्षीस. मिकेल लहान असताना बाई काहीतरी युक्ती करून तो बदाम बरोबर त्याच्याच वाटीत घालायच्या. आताही घालणार होत्या. बक्षीस म्हणून लोकरीची टोपीही विणून ठेवली होती. हे सगळं त्यांनी कुणाला म्हणून सांगितलं नाही, आणि खीर गार करायला आमच्या फ्रिजमध्ये ठेवली.

सुमननं झाकण काढून पाहिलं. पातेलंभर खिरीत एकच बदाम! तिचा जीव कळवळला. "बाईजवळचे बदाम सरले असतील. मागायला लाजल्या बगा," असं म्हणून तिनं ओंजळभर बदाम-काजू खिरीत लोटले आणि वर चारोळ्या पेरल्या.

संध्याकाळी आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. मला बदाम निघाला. सुमनला निघाले. मिकेलरावांच्या वाटीत तर घासाघासाला बदाम. त्यांनी ते बशीच्या कडेला नीट मांडले, चमचा खाली ठेवला, आभार मानले आणि प्रवासाचा शीण आहे म्हणून उठून गेले. बाई त्या बशीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आम्हाला खिरीचं सांगितलं. सुमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या बाईंनी माझ्या आईला शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर अंगणात फिरतं ठेवलं होतं. त्याचे आभार आम्ही कधी मानले नाहीत, आमच्यात ती रीत नाही. पण आम्हा दोघांनाही ते ऋण रोज आठवायचं.

"नाताळ म्हंजे आमची दिवाळी," असं बाई दरवर्षी सांगायच्या. सुमननं ते शब्दशः धरलं होतं. पंचवीस तारखेला सकाळी थंडी मी मी म्हणत होती, आणि हिनं अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, उटणं कालवलं. नळ कधी येईल याचा भरवसा नसताना चुलीवर दोन हंडे पाणी तापत ठेवलं. लातुरात पाहुण्याला याहून मोठा मान नाही.

"ताई, आमच्यात अंगुळ नसती सणाला," बाई म्हणाल्या.

"मग कशाची दिवाळी?" सुमन म्हणाली. "बोलवा त्येंला खाली."

गच्च्यांवर अभ्यासाला बसलेली पोरं पुस्तकं मिटून वाकून बघायला लागली. मिकेलराव हाफपँटवर खाली आले आणि कुडकुडत पाटावर बसले. गुडघे कानाला लागत होते. सुमननं तेलाची वाटी बाईंच्या हातात दिली.

"लावा."

"मी?"

"मग कोन? तुमचं लेकरू हाय."

निम्म्या जिल्ह्याचे खांदे आणि गुडघे ज्या हातांनी चोळून सरळ केले, ते हात मुलाच्या डोक्याजवळ जाऊन थांबले. मग टेकले. मिकेलराव आधी ताठ बसून होते. बाई टाळूवर, कानांमागे तेल जिरवत गेल्या, तशी त्यांची मान खाली येत गेली. मध्येच बाई थांबल्या आणि सुमनकडे बघून मराठीतच म्हणाल्या, "ताई, ह्याचे केस पिकायलेत वो. मला म्हाईतच न्हवतं."

सुमनचे डोळे भरले. माझेही. पाणी निवतंय असं सांगायला मी तोंड उघडलं, तर तिनं मला नजरेनंच गप्प केलं. वाटीतलं तेल संपलं, बाईंनी हात काढून घेतला. तेव्हा मिकेलराव मान खाली ठेवूनच आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटले.

"काय म्हनतेत?" सुमननं विचारलं.

बाईंनी रिकामी वाटी पुन्हा हातात घेतली.

"म्हनतोय," त्या म्हणाल्या, "अजून थोडं लाव."

सुमन तेलाची बाटली आणायला घरात पळाली.