मीटरसमोरची दोन मिनिटं

शंभर पावलं झाली की मीटरवाल्याच्या पोटरीत गोळा यायचा आणि दोन मिनिटं उभं राहिलं की निमूट निघून जायचा. हे ऑफिसात कळलं तर साहेब आपल्याला उचलून तळघरातल्या फायलींपुढे बसवणार, या धास्तीनं त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. सत्तावीस वर्षं दारोदार फिरून विजेचे आकडे टिपणारा माणूस तो. खुर्ची त्याला शिक्षाच वाटे. म्हणून पाय दुखला की तो जवळच्या मीटरसमोर उभा राहून टक लावून बघत राही.

गोळा मग लोकांच्या पोटात येऊ लागला.

"काय हो, काही निघालं का?" एका काकूंनी विचारलं.

"बघतोय," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

काकूंनी आत जाऊन आधी गिझर बंद केला. इस्त्रीवाल्याचं मात्र धाबंच दणाणलं. मीटरवाला सलग तीन दिवस त्याच्याच दारात थबकला, कारण शंभरावं पाऊल नेमकं तिथं पडत होतं. चौथ्या दिवशी इस्त्रीवाल्यानं मीटर चुकवून ओढलेली तार स्वतःच उपटली आणि ऑफिसात नेऊन दिली.

"काय ते एकदाचं बोला म्हणावं. नुसतं बघत राहतात, झोप उडालीय माझी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. त्याचं बघून आणखी चौघं तारा घेऊन आले.

साहेब खूश. "काय नजर आहे तुमची! सोमवारपासून तुम्ही तपासनीस. टेबल, खुर्ची, पंखा, सगळं."

मीटरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरी बायकोला खरं सांगावंच लागलं.

"अहो, चार महिने पाय दुखतोय आणि मला आज सांगताय?" म्हणत तिनं त्याला थेट डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाईंनी पावलावरची नाडी चाचपली, दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला.

"पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. सिगारेट आजपासून बंद. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, दुखायचं राहिलं की पुन्हा चालायचं."

"बाई, मी तेच तर करतोय."

"मग बसून करायचं काम अजिबात घेऊ नका."

"हे जरा लिहून द्या," तो म्हणाला. इतका आनंद त्याला कधी पगारवाढीनंही झाला नव्हता.

सोमवारी साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. उठून दार लोटून आले, खुर्चीत बसले आणि टेबलाखाली हात नेऊन स्वतःची पोटरी चोळू लागले.

"फेरी तुमचीच राहील," ते हळूच म्हणाले. "संध्याकाळी मला या बाईंकडे घेऊन चला."

"गाडी मागवू?"

"नको, चालतच जाऊ. फक्त वाटेत थांबल्यावर चेहरा कसा ठेवायचा, तेवढं आधी शिकवा."