प्रसंगाच्या प्रतीक्षेत सामंतकाका

लोक सिगारेट सोडतात, आमच्या वसईच्या बिल्डिंगमधल्या सामंतकाकांनी काडेपेटी सोडली होती. रोज सकाळी गच्चीवर तीन विटांच्या चुलीपुढे उकिडवं बसायचं, चकमकीच्या दगडावर पोलादाची पट्टी घासायची, नारळाच्या सोडणाचा भुसा पेटला तर चहा. घरात दोन सिलिंडर होते. पण "प्रसंग काय सांगून येतो?" हा त्यांचा सवाल.

अर्नाळ्याची मासळीवाली एकदा वर डोकावली आणि म्हणाली, "घरान माचीस नाय का ओ? दगडांनी कोन चूल पेटवतं?"

"जंगलात हरवलात तर काय कराल, बाई?"

जंगल! आमच्याकडे उरलीसुरली झाडं बिल्डरच्या जाहिरातीत होती.

काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून घरात एकटेच. उभा जन्म लोकांना संकटांची भीती घालून पोट भरलं, आता फुकट घालत होते. जिन्यात गाठ पडली की खिशातून सुतळी काढून खरीच गाठ शिकवायला लागायचे. कोणीतरी हे सगळं शिकून घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा.

म्हणून एका रविवारी त्यांनी बिल्डिंगला रानातल्या जेवणाचं आमंत्रण दिलं. अळू त्यांनी स्वतः खुडून आणलं होतं. चिंच मात्र घातली नव्हती. "रानात चिंच कोण आणून देणार?" दुसऱ्या घासाला सगळ्यांचे घसे खाजायला लागले. मीटिंगमध्ये कुणाला बोलू न देणारे आमचे सेक्रेटरी दोन दिवस मुके होते, हा त्यातला फायदा. त्यानंतर काकांची चाहूल लागली की लोक दारं लावून घ्यायचे.

मग एका पावसाळ्यात खरंच प्रसंग आला. तळमजला पाण्यात गेला, वीज गेली, पंप बंद, नळ कोरडे. खालची बिऱ्हाडं वर आली आणि सगळी बिल्डिंग निमूट गच्चीवर गेली. काकांनी ताडपत्री ताणून बांधली, पावसाचं पाणी धरलं, गाळलं, उकळलं. सेक्रेटरींना फुंकणी दिली. "ओली लाकडं मागे, सुकी पुढे!" काका लग्नघरातल्या वरबापासारखे मिरवत होते. आणि खोटं कशाला बोलू, जेवण बरं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खिचडीला आधण आलं आणि वीजही आली. एकच गलका झाला. कुणाला मोटर आठवली, कुणाला फ्रिज, कुणाला मालिका. बघता बघता गच्ची रिकामी झाली. मीही उठलो.

"जा, जा. वीज आली, बरंच झालं," काका म्हणाले. मग पातेल्याकडे बघत हळूच, "तांदूळ मात्र सगळ्यांपुरते घेतले होते हो."

जिन्यात जाऊन मी मजल्यामजल्यावर ओरडलो, "वर पंगत बसतेय, चला!" घराघरातल्या टीव्हीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं, देव जाणे.

परत वर आलो, तर काका केळीची पानं मांडत होते. सगळ्यांची.