पावणेदोन तासांची दुबई

हनुमंतराव जामखेडच्या एसटी स्टँडवर चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी सुटते आणि कधी पोचते, या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. म्हणून दुबईहून मुलीने, राजनंदिनीने, तिकिटं पाठवली तेव्हा झुंबरबाईंनी ती नवऱ्याकडूनच वाचून घेतली. विमान मुंबईहून दहाला सुटणार, दुबईला पावणेबाराला पोचणार.

“पावणेदोन तास,” हनुमंतराव म्हणाले. “आपली नगरची गाडी ह्याच्यापेक्षा जास्त घेती.”

झुंबरबाईंना विमानाची धास्ती होती. नातवाला बघायची कितीही ओढ असली तरी दोन तासांच्या वर अधांतरी बसणार नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. पावणेदोन म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

विमान बरोब्बर दहाला सुटलं. झुंबरबाई डोळे मिटून, नवऱ्याचं मनगट घट्ट धरून बसल्या. पावणेबारा वाजले तेव्हा हनुमंतरावांनी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली समुद्र होता. बारा वाजले, तरी समुद्रच. बायकोला कळू नये अशा बेताने त्यांनी हवाई सुंदरीला बोलावून विमान किती लेट आहे ते विचारलं.

“वेळेवर आहे, सर,” ती म्हणाली. “पावणेबाराला उतरू.”

हनुमंतरावांच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. मग मात्र त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

शेजारच्या सीटवर नगरचाच आदिल होता, दुबईला नोकरी करणारा. त्याला त्यांची दया आली. त्याने समजावून सांगितलं की दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. तिकिटावर सुटायची वेळ इथली लिहितात आणि पोचायची तिथली. “अंतर एकोणीसशे किलोमीटर आहे, काका. सव्वातीन तास लागतातच.”

झुंबरबाईंनी डोळे उघडले. “किती म्हनला?”

आदिलने पुन्हा सांगितलं. झुंबरबाईंनी नवऱ्याचं मनगट सोडलं आणि खुर्चीचा हात धरला.

संध्याकाळी नातवाला मांडीवर घेऊन त्यांनी परतीचं तिकीट मुलीकडून वाचून घेतलं. दुपारी एकला सुटून मुंबईला साडेपाचला. राजनंदिनीने समजावलं. जावई रामने तर कागदावर दोन घड्याळं काढून दाखवली, की या खेपेला घड्याळ पुढे जातं, खरे तास तीनच. झुंबरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ह्यांनी पावणेदोन सांगितले, तवा सव्वातीन झाले,” त्या म्हणाल्या. “आता कागदावरच साडेचार हायेत. म्या न्हाई बसायची.”

रामने पेन खाली ठेवलं, आणि सासूबाईंचा व्हिसा किती दिवसांचा आहे ते बघायला तो आतल्या खोलीत गेला.